बावीस नंबरचं पत्र

पेटी उघडली की आधी डांबराचा वास यायचा. मग गंजाचा, मग कुठल्यातरी परदेशी साबणाचा, आणि सगळ्यांत तळाशी, लोखंडातच मुरल्यासारखा, ओल्या दोरखंडाचा. नेसरीच्या आमच्या घराला चुलीच्या धुराचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास सवयीचा होता. हा वास मात्र वर्षातून एकदाच दारात उभा राही आणि त्याच्या मागोमाग माझे वडील आत येत. आई पेटीतले कपडे सोड्याच्या पाण्यात उकळून काढी, दोन-दोनदा वाळत घाली. वास जायला महिना लागे. तो गेला की थोड्याच दिवसांत आप्पाही जात.

त्यामुळे मी त्यांना आधी नाकाने ओळखायला शिकले. चेहरा नंतर पाठ झाला, आणि आवाज तर फार उशिरा, कारण ते बोलतच नसत.

आमची वस्ती गावाबाहेरची. तिथून नोकरीला बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या होत्या. बहुतेकांनी पलटण धरली, आप्पांनी पाणी धरलं. ज्या मुलाने तोवर समुद्र चित्रातसुद्धा नीट पाहिला नव्हता, तो सतराव्या वर्षी नौदलात खलाशी झाला. पंधरा वर्षं तिथे, त्यांत बांगलादेशची लढाई. नंतर व्यापारी जहाजांवर, आधी सुकाणी, म्हणजे चाक धरणारा, आणि पुढे सारंग, म्हणजे डेकवरच्या साऱ्या खलाशांचा मुकादम. साठाव्या वर्षापर्यंत ते पाण्यावर होते. आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि कोल्हापुरात राजारामपुरीत, माझ्या फ्लॅटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कोचिंग क्लासच्या पाट्यांकडे तोंड करून बसतात. अजूनही चार तास झोपतात, चार तास जागतात, पुन्हा चार तास झोपतात. चहाच्या आधी आभाळ बघतात. सुरुवातीला एकदा मी त्यांना रंकाळा तलावावर नेलं होतं, पाणी बघून बरं वाटेल म्हणून. ते कट्ट्यावर दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, हे डबकं काय दाखवायला आणलंस. भेळसुद्धा खाल्ली नाही.

लढाईबद्दल कुणी विचारलं, की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असे. लढाईत तुम्ही काय केलंत?

"पाणी बघितलं," ते म्हणत. "चार तास बघायचं, चार तास झोपायचं."

विचारणाऱ्याची निराशा व्हायची. मला मात्र या उत्तराचा राग यायचा. माणूस आयुष्यभर पाणी बघतो आणि त्याच्या पाठीमागे घरात काय जळतं आहे याची त्याला खबर नसते, असं मी म्हणत असे; मनात आणि पुढे पुष्कळदा उघडही.

पत्रांचा नियम त्यांनी त्या लढाईतूनच आणला होता. ती हकीकत त्यांनी आईला सांगितली आणि आईने मला, भाकरी थापताथापता. लढाईच्या दिवसांत जहाजावर कित्येक आठवडे टपाल आलं नाही, आणि मग एक दिवस सगळं एकदमच, गोणीने आलं. आप्पांच्या वाट्याला चार पाकिटं आली. हाताला लागलं ते त्यांनी आधी फोडलं. त्यात लिहिलं होतं की वडिलांचं जलदान नीट पार पडलं, भन्ते आले होते, सगळी वस्ती जेवली. म्हणजे माझे आजोबा गेले होते. मग त्यांनी दुसरं फोडलं. ते आधीचं होतं. त्यात लिहिलं होतं की वडील आता बरे आहेत, काल अर्धी भाकरी मागून खाल्ली.

"मेलेला बाप फुडच्या पाकिटात भाकरी मागत हुता," असं ते आईला म्हणाले होते.

तेव्हापासून घरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर आकडा टाकायचा, असा त्यांनी दंडक घातला. प्रत्येक सफरीला एकपासून सुरुवात. टपाल मागेपुढे होणारच; पत्र मुंबईच्या कचेरीत जायचं, तिथून कुठल्याशा बंदरात, आणि जहाज तिथून निघून गेलं असलं तर पुढच्या बंदरात. पण ते आकड्याच्या क्रमानेच फोडायचे. मधलं आलं नसेल तर पुढची तशीच बांधून ठेवायची आणि मधल्याची वाट बघायची. आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्या घरात हे चालत असेल असं मला वाटत नाही. आईला या नियमाचं मोठं कौतुक होतं. ती म्हणे, बोटीवरचं काम असं शिस्तीचं असतं.

आईला सहीपुरतं लिहिता येत होतं. मी तिसरीत गेले तेव्हापासून पत्रं मी लिहायची. दर रविवारी सकाळी, अंघोळ करून, उंबऱ्याशी बसून. आई आतून सांगे: लिव, कौलं बदलली. लिव, म्हस व्याली, रेडी झाली. लिव, पोरगीचा वर्गात दुसरा नंबर आला. मी लिहून काढायची, वर तारीख आणि वार घालायची, पाकीट खळीने चिकटवायची आणि पाठीवर लाल शाईने आकडा काढून त्याभोवती गोल करायची. आकडा चुकू नये म्हणून गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी ठेवली होती. एक, दोन, तीन, एकाखाली एक. त्या यादीचा मला फार अभिमान होता. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात एवढी मोठी जबाबदारी दुसरी कुठली असणार होती?

व्यापारी जहाजावरची त्यांची ती दुसरी सफर. पाचेक महिने झाले असतील. आईच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने ओवा खाल्ला, मग शेक घेतला, मग मामाने तिला गडहिंग्लजला डॉक्टरकडे नेलं आणि त्यांनी मिरजेला न्यायला सांगितलं. गाठ होती. त्या आठवड्याचं पत्र सांगताना ती पहिल्यांदाच चुलीपासून उठून माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हाताला हळदीचा वास होता आणि पदराला औषधाचा. तिने सांगितलं, लिव, मिरजेला ऑपरेशन सांगितलंय. लिव, जमलं तर रजा काढून या. मग म्हणाली, जमलं तर हे खोड. मी खोडलं.

मामा तार करायला निघाला होता. आईने करू दिली नाही. लढाईच्या दिवसांत वस्तीतल्या एका घरी तार आली होती, आणि तार म्हणजे काय हे तिने त्या घरच्या अंगणात उभं राहून पाहिलं होतं. बोटीवर एकट्या माणसाच्या हातात तार पडली तर त्याने काय करायचं, कुठे जायचं, चारी बाजूंना पाणी. पत्रात सगळं सावकाश सांगता येतं. पत्र जाईल, ते येतील.

पुढच्या रविवारी पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मिरजेहून लिहिलं, मिरजेहून परत आणल्यावर लिहिलं. या पत्रांतली म्हैस, कौलं, माझा नंबर सगळं कमी कमी होत गेलं आणि शेवटी एवढंच उरलं की या. शेवटचं तिने सांगितलंही नाही, ती झोपली होती, मीच लिहिलं. उत्तर आलं नाही. ती दाराच्या चौकटीकडे बघायची. मी त्या चौकटीचा द्वेष करू लागले, मग त्या लाल आकड्यांचा, मग त्यांचा.

ती गेल्यावर मामाने तार केली. कंपनीच्या कचेरीने जहाजावर वायरलेसने निरोप पाठवला. आप्पा दोन महिन्यांनी आले, तेव्हा जलदानही उरकलं होतं आणि आईच्या साड्या वाटून झाल्या होत्या.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. पेटी शेजारी, न उघडलेली. ओसरीवर वस्तीतली दहा-बारा माणसं. मामा उभाच होता. त्याने विचारलं, पत्रं मिळाली नव्हती का? मला वाटलं, ते आता म्हणतील, नाही मिळाली. सगळ्यांनाच तसं वाटत असावं, कारण सगळे जरा पुढे झुकले.

"मिळाली."

"मग?"

"वाचली न्हाईत."

मामानेच त्यांना वाट करून दिली. शेवटी तो माझ्या आईचा भाऊ होता आणि मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, दाजी, तुमचं ते नंबराचं असंल. मधलं एखादं गहाळ झालं असंल वाटंत.

आणि तेव्हा मी उठले. आत गेले, गणिताची वही आणली, शेवटचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर मामाच्या हातात दिली. "सगळे आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले. "मी एकही चुकवलेला नाही. सगळी पत्रं मी स्वतः टपालपेटीत टाकलीत." शाळेत शिकवतात तशा शुद्ध भाषेत म्हणाले, ते मला पक्कं आठवतं.

मामाने ते पान बघितलं आणि वही आप्पांच्या पुढे धरली. आप्पांनी ती घेतली. एक ते तीस आकडे, एकाखाली एक, माझ्या वळणदार अक्षरात. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग वही मिटली, माझ्याकडे परत दिली आणि म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

मामा थुंकला. अंगणात नव्हे, ओसरीवरच. आणि म्हणाला, बायको मरत हुती आन् ह्येनं पाकीट फोडायचं कष्ट घेतलं न्हाईत.

हे वाक्य आमच्या घराण्यात पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकलं. लग्नकार्यात, बारशात, कुणी बोटीवरच्या नोकरीचं नाव काढलं की निघायचं. आप्पांनी ते खोडून काढण्यासाठी कधी तोंड उघडलं नाही. तीन महिने ते नेसरीत राहिले, मला मावशीकडे कोल्हापूरला ठेवलं आणि पुन्हा पाण्यावर गेले. मला ते मनीऑर्डर आणि पत्र पाठवत. मी उत्तर देत नसे. कुठल्याही पाकिटावर त्यानंतर मी आकडा टाकला नाही.

मी शिकले, कॉलेजात मराठी शिकवू लागले. कविता लिहीत होतेच. चाळिशीच्या सुमारास माझा एक संग्रह आला, सगळा त्या न उघडलेल्या पत्रांवरचा. दारातली चौकट त्यात होती, हळदीचा वास होता, लाल आकडे होते आणि एक माणूस होता जो पाणी बघत राहतो. लोकांना तो आवडला. मला बोलावणी येऊ लागली, आणि प्रत्येक ठिकाणी मी ती गोष्ट सांगत असे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे मला माहीत झालं होतं. सभागृहात बायका पदराने डोळे पुसत.

प्रकाशनाला आप्पा आले होते. नुकतेच निवृत्त होऊन कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आले होते. मी बोलावलं नव्हतं, निमंत्रण घरात पडलेलं त्यांनी पाहिलं असावं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पहिली रांग, हात गुडघ्यांवर. मी व्यासपीठावरून त्यांच्याकडे बघून ती गोष्ट सांगितली. मला ते हवंच होतं. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी रांगेत उभं राहून पुस्तकाची एक प्रत घेतली आणि माझ्यासमोर सहीला धरली, सगळ्यांसारखी. मी सही केली. खाली तारीख घातली.

हे सगळं मी आता लिहिते आहे, कारण गेल्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या मंडळाला आप्पांचा सत्कार करायचा होता. मंडळाचे अध्यक्ष खालच्या मेडिकल दुकानाचे मालक. ते वर आले, आप्पांच्या पाया पडले आणि म्हणाले, चौकात फ्लेक्स लावायचा आहे, फोटो पाहिजे.

"मॅडम, वर्दीतलाच द्या हं. न्हाईतर लोक म्हणतील, ह्यो कोण रिटायर मास्तर."

"मग मास्तरच लिवा की," आप्पा गॅलरीतून म्हणाले. "हिचा फोटू लावा. हिला सवय हाय."

अध्यक्ष हसले. मी हसले नाही. चहा देऊन त्यांना वाटेला लावलं आणि त्या दुपारी, आप्पा झोपले असताना, फोटोसाठी त्यांची पेटी उघडली. इतक्या वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. फोटो वरच सापडला. कॉलर पांढरी, टोपी किंचित तिरकी, डोळे कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. त्याच्या खाली जहाजावरच्या नोकरीच्या नोंदवह्या, आणि त्यांच्याही खाली सुतळीने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. पाठीवरचे लाल आकडे फिके होऊन गुलाबी झाले होते.

आधी मला दिसलं ते हे, की सगळी पाकिटं फोडलेली आहेत. एका कडेने, पात्याने, अगदी सरळ. ती कधी वाचलीच नाहीत असं मी जगाला सांगत आले होते. त्यांनी ती वाचली होती, केव्हातरी, उशिरा. याचासुद्धा मला रागच आला, हे मी कबूल करते. उशिरा वाचून तुम्ही काय मिळवलंत, असं काहीसं मनात आलं.

मग मी ती क्रमाने लावली. पंधरा, सोळा, अठरा, सतरा मागेपुढे झालेली. वीस, एकवीस. तेवीस. बावीस सापडेना. पेटी उपसली, वह्या झटकल्या. बावीस नव्हतं. वाटेत हरवलं असेल, म्हणजे मामा म्हणाला होता तसंच झालं होतं, एवढं कळून मी खाली फरशीवर बसले. तसं होतं, तर ते तेव्हा बोलले का नाहीत? आणि मग, बरंच नंतर, मी एकवीस आणि तेवीस उघडून शेजारीशेजारी ठेवली.

एकवीसवर रविवार. तेवीसवर रविवार. मध्ये सात दिवस. मी दर रविवारीच लिहायची. बावीस लिहायला मध्ये रविवारच नव्हता. आणि तेवीसच्या पहिल्याच ओळीत आईने सांगितलं होतं, मागल्या पत्रात कौलांचं लिहिलं ते काम आता झालं. कौलांचं एकवीसमध्ये होतं.

स्मृती कशी येते हे मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं आहे, पण त्या दुपारी ती कशीच आली नाही, ती तिथे होतीच. त्या आठवड्यात, मधल्याच एका संध्याकाळी, मी आप्पांना स्वतःचं असं एक पत्र लिहिलं होतं. त्यात दुसरं काही नव्हतं, समुद्रावरची कविता होती. मी समुद्र पाहिलेला नव्हता. आठ ओळी, यमकं जुळवलेली. पाकिटावर बावीस घातलं, यादीत बावीस लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आई हसली. प्रेमानेच हसली, पण म्हणाली, यात कामाचं काय आहे, आप्पाला बोटीवर कामं असतात. मला इतकी लाज वाटली की मी पाकिटासकट ती कविता फाडून चुलीत घातली. यादीतला आकडा मात्र खोडला नाही. खाडाखोड मला आवडत नसे. रविवारी यादी पाहिली, शेवटचा आकडा बावीस होता, पाकिटावर तेवीस लिहिलं.

म्हणजे ते एका अशा पत्राची वाट बघत होते जे नव्हतंच. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, टपालाची गोणी आली की बावीस शोधायचं, आणि या, या, या म्हणणारी पत्रं तशीच बांधून ठेवायची.

मग आणखी एक गोष्ट आठवली. आई गेल्यानंतर आठवड्याभरात त्यांचं एक पत्र आलं होतं. मामाने ते न फोडताच पाणी तापवायच्या चुलीत सारलं. मी शेजारी उभी होते. मी त्याला अडवलं नाही, उलट पाकीट नीट पेटावं म्हणून काटकीने आत ढकललं. त्या पत्रात काय विचारलं असेल हे मला आता कळतं. कदाचित एवढीच एक ओळ असेल.

गठ्ठा पुन्हा बांधायला गेले तर ती गाठ मला जमेना. ती खलाशाची गाठ होती. मी आपली साधी मारली आणि पेटी लावून टाकली.

सत्काराला अजून नऊ दिवस होते. मी रोज ठरवायची की आज सांगायचं. डाळ वाढताना ठरवायची, त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना ठरवायची. सांगून काय होणार होतं हे मला नीट माहीत होतं. बायकोच्या मरणाचं ओझं त्यांच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर घ्यायचं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना ते कळायला हवं, हा त्यांचा हक्क होता, असं मी स्वतःशी म्हणायची. आणि घशाशी आलं की विचारायची, आमटीत मीठ बरोबर आहे का. ते म्हणायचे, आहे.

सत्कार सकाळी झाला. चौकात मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर, दोन्ही बाजूंना रिक्षा अडकलेल्या. फ्लेक्सवर आप्पा विशीतले. शाल घातली, नारळ दिला. मग एक वक्ते बोलायला उठले. त्यांनी माझा संग्रह वाचला होता. ते म्हणाले, देशाच्या सागरी सीमांवर उभ्या असलेल्या या योद्ध्याने कर्तव्यापुढे आजारी पत्नीची पत्रंसुद्धा उघडली नाहीत, केवढा हा त्याग! टाळ्या पडल्या. तेव्हा लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, ते मालवाहू जहाजावर होते, हे सांगायला कुणी नव्हतं. मामाने जे थुंकून म्हटलं आणि मी जे कवितेत म्हटलं, त्याचा तिथे पराक्रम झाला होता. आप्पा शालीत बसले होते, हात गुडघ्यांवर, प्रकाशनाला बसले होते तसेच. मी दुसऱ्या रांगेत होते. मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या, शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं. ते शालीची घडी घालत होते, कडेला कड लावून, तळहाताने हवा काढत. मी दाराशी उभी राहून सांगून टाकलं, कारण बसले असते तर पुन्हा मिठाचंच विचारलं असतं.

"आप्पा, बावीस नंबरचं पत्र मी कधी टाकलंच नव्हतं. आकडा माझ्याकडून चुकला होता."

त्यांनी घडी पुरी केली. शाल खुर्चीच्या पाठीवर ठेवली, ती जरा वाकडी होती, सरळ केली. मग शांतपणे, हवापाण्याचं सांगावं तसं, त्यांनी सांगितलं की वायरलेसवाल्याने निरोप आणून दिला त्या दिवशी त्यांनी सगळी पाकिटं फोडली होती. एकवीस आणि तेवीसमध्ये आठवडाच होता. ते त्यांना बोटीवरच समजलं.

म्हणजे ओसरीवर बसले होते तेव्हा त्यांना माहीत होतं. मी वही आणली तेव्हा माहीत होतं. त्या पानावरचा बावीस बघून, तो आकडा मीच घातला आणि पत्र टाकलं नाही, हेही त्यांनी तिथे बसल्याबसल्या ओळखलं असणार. मामा थुंकला तेव्हा, लग्नांत, बारशांत, पहिल्या रांगेत, माझ्या सहीसाठी पुस्तक पुढे धरताना, त्यांना माहीत होतं. एका वाक्यात ते सुटले असते. आणि मला इतकी वर्षं त्यांनी त्या रागात राहू दिलं, त्यावर घर बांधू दिलं, नाव मिळवू दिलं. मला वाटत होतं की सांगितल्यावर मला रडू येईल. ते आलं नाही. जे आलं ते जुनंच होतं, तोंडभर कडू, फक्त आता ते कुणावर थुंकायचं हे ठरेना.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मला कधीच का नाही सांगितलंत?"

ते गॅलरीकडे निघाले होते. दारात थांबले, चौकटीला हात लावून माझ्याकडे वळले आणि मी काहीतरी अगदीच विचित्र विचारल्यासारखं त्यांनी मला पाहिलं.

"कशाला?"